सगुणाकाकीचा टोस

हिर्डोशीत आज कुणालाही विचारा, सगुणाबाई कशी होती, तर म्हणतील, देवमाणूस होती हो. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. ह्याच लोकांनी तिला भैरोबाच्या देवळापुढं बसवली होती आणि मी ते ह्या डोळ्यांनी बघितलंय. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. भोरला संस्थानचं राज्य होतं. लहान होते म्हणून मला काही कळलं नाही असं गावाला वाटत असेल तर वाटू दे. मला सगळं कळलं होतं. म्हणून मीच सांगते. कुणाला राग आला तर येऊ दे, मी कुणाच्या दारात मीठ मागायला जात नाही.

सगुणाकाकी आमच्या भावकीतली. तिचं घर आमच्या घरासमोर, मधे नुसती गाडीवाट. तिचा नवरा कुंडलिक भाटघरच्या धरणावर दगडकामाला होता. काकीही त्याच्याबरोबर तिकडं राहायला गेली आणि साहेबांच्या बंगल्यावर भांडी घासायला लागली. बंगल्यावरचा स्वयंपाकी गोव्याचा, आंतोन नावाचा. तो रोज सकाळी शिळा पाव अंड्यादुधात बुडवायचा आणि तुपात परतून साहेबाच्या पुढं ठेवायचा. साहेब त्याला फ्रेंच टोस्ट म्हणायचा. काकीनं तो बघून बघून शिकून घेतला आणि गावात आणला तोवर त्याचा नुसता टोस झाला होता.

कुंडलिककाकाला टोस फार आवडायचा म्हणे. धरण पुरं झालं, दोघं गावी आली, आणि पुढच्याच पावसाळ्यात काका तापानं गेला. पोरबाळ नव्हतं. काकीनं भोरला जाऊन एका बुवांच्या हातून तुळशीची माळ घालून घेतली. मटण सुटलं, मासळी सुटली, अंडंही सुटलं. टोस करणं मात्र सुटलं नाही. गावाला ह्याचंच कोडं पडायचं. स्वतः खायचं नाही तर करायचं कशाला? करायला आवडतं म्हणून करायचं, आणखी काय. कुणी रांगोळी काढतं, ती काय खायला काढतं?

आणि करायची कशी, ते बघायला पाहिजे होतं. भोरच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीवानाकडं ती आपल्या कोंबड्यांची अंडी विकायला द्यायची आणि येताना भट्टीवरचा पाव मागवायची. पाव म्हटलं की आमच्या बायका नाकं मुरडायच्या. पीठ पायानं तुडवतात, कोण जाणे कुणाचे हात लागतात, पाव खाल्ला तो बाटला. काकी कुणाला उत्तर द्यायची नाही. पाव आला की टोपलीखाली झाकून ठेवायची आणि चांगला कडक होऊ द्यायची. ताजा पाव दुधात पडला की त्याचा लगदा होतो, असं तिचं म्हणणं. मग विळीवर जाड कापं करायची. म्हशीच्या दुधात अंडं फोडून रवीनं घुसळायची, त्यात किसलेला गूळ आणि जायफळाची चिमूट. साखर साहेबाच्या घरी, आमच्याकडं गूळ. टोसाचा तवा वेगळा, परसातल्या खुंटीला टांगलेला, तो घरात यायचा नाही. चूलही परसातच, तीन दगडांची. टोस करून झाला की आंघोळ, आणि मगच घरात पाऊल.

चव बघायला मी. माळेमुळं तिला जिभेवर ठेवता यायचं नाही. ती वास घ्यायची, रंग बघायची, कड मोडून माझ्या तोंडात घालायची आणि विचारायची, "गोड झालाय का गं ठके?" मी दर वेळी सांगायची, अजून थोडा गूळ पायजे. ती पुढच्या वेळी टाकायची. बाळंतिणीला, म्हाताऱ्याकोताऱ्याला, वाटेनं जाणाऱ्या पोरांना, सगळ्यांना तिचा टोस जायचा. नाकं मुरडणाऱ्या बायकांच्या घरीही जायचा, आणि पान रिकामंच परत यायचं.

माझ्या आजीच्या, अंबूबाईच्या, डोळ्यांत हे सगळं सलायचं. माझी आजी म्हणजे काय चीज होती ते सांगते. तिची एक काळी तलंग कोंबडी होती. ती मेली जाऊन काकीच्या पेंढ्यात अंडी घालायची. काकी ती अंडी पाटीत घालून आणून द्यायची, तर आजी म्हणायची, ही माझ्या कोंबडीची नव्हेतच, माझी तू खाल्लीस. काकी म्हणाली, अहो आत्याबाई, मी माळकरी, मी कशी खाईन. तर म्हणे, मग कुणाला चारलीस? ह्यावरून जे वाजलं ते बोलणंच बंद झालं. पण खरं दुखणं अंड्यांचं नव्हतंच. नात हिची आणि पाय रोज तिच्या परसात, हे आजीच्या पोटात दुखत होतं.

त्या वर्षी भाताची कापणी चालू असताना मला हिवताप लागला. एक दिवसाआड थंडी भरायची, गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे, मग अंग भाजून निघायचं. अन्न बघवायचं नाही. आजीनं नाचणीची पेज केली, ती उलटली. भात उलटला. दूध उलटलं. आजी रडायलाच लागली. तेवढं मी मान्य करते, ती माझ्यासाठी खरोखरच रडायची. मी एकच धोशा लावला होता, मला टोस पायजे. शेवटी माझ्या आईनं सासूच्या नकळत पाणवठ्यावर काकीला गाठलं आणि सांगितलं, पोरीच्या पोटात काही राहत नाही, तेवढा टोस करून द्या. हे आईनंच मागितलं होतं. नीट लक्षात ठेवा.

काकीनं दुसऱ्या दिवशी टोस केला आणि पळसाच्या पानावर घेऊन आली. आई पाण्याला गेलेली, आजी शेतावर, मी झोपलेली. बोलणं बंद असलेल्या घरात पाय कसा टाकायचा, म्हणून तिनं पान उंबऱ्यावरच ठेवलं आणि गेली. आई येईल, बघेल, पोरीला देईल. सरळ विचार होता. पण आईच्या आधी आजी आली. आणि त्या दिवशी होती अमावास्या.

अमावास्येला उंबऱ्यावर पान. पानावर अंड्यात भिजलेला तुकडा, पिवळाधमक, कडेला काळा डाग पडलेला. आमच्याकडं उतारा असाच ठेवतात. भाकरीचा तुकडा, अंडं, पान, सगळं तसंच. एकाच्या अंगावरचं उतरवायचं आणि दुसऱ्याच्या वाटेत टाकायचं. जो ओलांडेल त्याला ते लागतं. आजीनं जी बोंब ठोकली ती वरच्या आळीपर्यंत गेली. मी जागी झाले. पुढचे दोन दात पडलेले, तापानं जीभ जड झालेली. तशातही मी सांगितलं, आज्जे, टाकू नगं, काकीनं मला टोस ठेवलाय.

आजीनं काय ऐकलं असेल? दोस. काकीनं मला दोस ठेवलाय. दोस म्हणजे दोष, बाहेरची बाधा. मी टोस, टोस म्हणून ओरडत होते आणि आजी जमलेल्या बायकांना सांगत होती, बघा, पोरगी आपल्या तोंडानं सांगतीय, त्या बयेनं दोस ठेवला म्हणून. बहिरी नव्हती ती. तिला जे ऐकायचं होतं ते तिनं ऐकलं. खराट्यानं पान गाडीवाटेवर लोटलं. तिथं कुत्र्यानं तो टोस मटकावला. कुत्र्याला ढिम्म काही झालं नाही, उलट तो रोज आमच्या उंबऱ्याशी येऊन बसायला लागला. पण कुत्र्याची साक्ष कोण धरतंय?

संध्याकाळी मला थंडी भरली. भरणारच होती, तो दिवसच तापाचा होता. झालं. आजीनं रखमाजीला बोलावलं. हा आमच्या गावचा देवरुषी. सुपात तांदूळ टाकून बघायचा आणि दर खेपेला कोंबडं मागायचा. त्यानं तांदूळ चाळवले, डोळे मिटले आणि सांगितलं, बाईमाणसाचा हात आहे, उगवतीकडनं आलाय. आमच्या उगवतीला एकच घर होतं.

निवाडाही त्यानंच दिला. करणी करणारी आपलं केलेलं आपण कधी खात नाही, खाल्लं तर तिच्यावरच उलटतं. तर सगुणाबाईनं रविवारी देवापुढं तीच वस्तू पुन्हा करावी आणि सगळ्यांदेखत खावी. खाऊन धड राहिली तर निर्दोष. नाही खाल्ली तर तिला गावाचं आगपाणी बंद, तिनं घराला कडी घालून चालू लागावं. जाणार कुठं? माहेर विंझरचं, तिथं कुणी उरलं नव्हतं. हिर्डोशीतलं ते घर आणि एवढंसं भातखाचर, एवढंच काय ते तिचं होतं.

आणि ती माळकरी आहे, अंडं खात नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रखमाजीला ठाऊक होतं. आजीला तर पुरतं ठाऊक होतं. खाल्लं तर माळ गेली, नाही खाल्लं तर घर गेलं. असा फास टाकला मेल्यांनी, आणि वर म्हणे देवाचा कौल.

रविवारी सगळं गाव देवळापुढं जमलं. मला बापानं, भिमानं, खांद्यावर घेतलं होतं. मानसिंग पाटील पारावर बसला होता, शेजारी रखमाजी. काकी आली ती डोक्यावर पाटी घेऊन. पाटीत तवा, विळी, रवी, तुपाची वाटी, दूध, गूळ, अंडं आणि उरलेला पाव. तिनं पाटी खाली ठेवली आणि उभ्यानंच बोलली.

"पाटील, म्या माळकरी हाय, गावाला ठावं हाय. त्यो टोस भिमाच्या पोरीसाठी केला हुता. तिच्या आईनंच मागितला. इचारा तिला."

सगळ्यांच्या माना आईकडं वळल्या. आईनं पदर पुढं ओढला आणि खाली बघितलं. आजी शेजारीच उभी होती, तिचा हात आईच्या दंडावर होता. सासूला भ्याली, असं लोक म्हणतात. मीही बायको झाले, सून झाले, सासूला भ्यायले. तरीही सांगते, आईला ते मी कधी माफ केलं नाही. एक 'व्हय' म्हणायचं होतं.

मी मात्र बोलले. बापाच्या खांद्यावरून ओरडले, माझा टोस हाय, मला द्या. बापानं माझ्या तोंडावर हात ठेवला. रखमाजी मान हलवून म्हणाला, बघा, पोरीच्या अंगातनं तेच मागतंय. घ्या. आता ह्याच्यापुढं कोण काय बोलणार.

पाटील चुळबुळ करत होता. त्यानं काकीच्या घरचा टोस खाल्ला होता, एकदा नाही, कैकदा. त्यानं पागोटं सारखं केलं आणि सांगितलं, सगुणाबाई, देवाचं हाय, आमच्या हातात काय न्हाई. एवढंच. पाटीलकी काय नुसती पागोट्यापुरती असते का?

मग काकीनं तीन दगड मांडले. चूल पेटवली. पाव इतका कडक झाला होता की विळीवर करकर वाजत होता. तिनं अंडं फोडलं, दूध ओतलं, गूळ घातला, रवी फिरवली. सगळं परसातल्यासारखंच, घाई नाही. तवा तापला, तूप वितळलं, कापं तव्यावर पडली आणि वास सुटला. चेटूक बघायला आलेली माणसं टाचा उंच करकरून तव्यात बघायला लागली. पोरं पुढं सरकली. रखमाजीच्या गळ्यातली घाटी वरखाली झालेली मी बघितली. अधाशी मेला.

टोस झाला. काकीनं तो पानावर काढला आणि गळ्यातली माळ काढली. हातात धरून पाटलापुढं गेली, म्हणाली, एवढी धरा. पाटलानं हात मागं घेतला. रखमाजीकडं वळली, तो उठून दोन पावलं बाजूला झाला. उतरवलेल्या माळेला हात लावायचा म्हणजे पाप की नाही. ती काढायला लावायची ते पाप नाही. काकीनं माळ देवळाच्या पायरीवर ठेवली, खाली बसली आणि टोस खाल्ला.

थुंकली नाही, तोंड वाकडं केलं नाही. कडेपासून सुरुवात करून सगळा खाल्ला, सावकाश, नीट चावून. मग बोटं पुसली आणि माझ्याकडं बघितलं.

"गूळ लई पडतोय की गं, ठके. कदी बोलली न्हाईस."

मला रडू फुटलं. बाकी सगळे वाट बघत होते. आता तोंडाला फेस येईल, आता घुमेल, आता पडेल. काही झालं नाही. काकीनं चूल विझवली, तवा मातीनं घासला. रखमाजी शेवटी नाइलाजानं म्हणाला, दोष नाही, बाई स्वच्छ आहे. लोकांनी सुस्कारे सोडले. दोघीतिघी तर चक्क पुढं झाल्या, बाई गं, आमाला ठावंच हुतं म्हणायला.

तेवढ्यात माझी आजी पुढं आली. कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"माळकरीन म्हनवती आन् देवाच्या दारात बसून अंडं खाती. आता हिच्या हातचं पानी कोन पिनार?"

मला वाटलं, आता तरी कुणीतरी तिच्या थोबाडीत देईल. आणि काय सांगू, लोकांनी माना डोलावल्या. ज्यांनी तिला खायला बसवलं, तेच. म्हाताऱ्यांनी हळहळ केली, केवढी माळ, अशी टाकायची नव्हती. पुढं झालेल्या त्या दोघीतिघी मागं सरल्या. पाटील उठून घरी गेला. भजनाला काकीला पुन्हा कुणी बोलावलं नाही, पंगतीत तिला वेगळं बसवायला लागले. घर राहिलं, खाचर राहिलं, पाणवठा राहिला. गावानं तिला हाकलली नाही, हे आजही मोठ्या उपकाराचं म्हणून सांगतात.

माळ तिनं उचलली नाही. भोरच्या बुवांकडंही ती पुन्हा गेली नाही. गुरवानं ती माळ काठीनं उचलून नदीत सोडली.

माझा ताप हिवाळा सरता सरता गेला. आपोआप गेला, पण आजी सगळ्यांना सांगायची, देवापुढं न्याय झाला म्हणून पोरगी वाचली. मी पेज प्यायला लागले, भात खायला लागले, उठून अंगणात यायला लागले. आणि बघते तर समोर काकी टोस करतेय. पण आता परसात नाही. पुढच्या अंगणात, गाडीवाटेच्या अगदी कडेला. पाव आला की करायची. ओट्यावर आमच्या दाराकडं तोंड करून बसायची आणि एकटीच खायची. येणाऱ्याजाणाऱ्याला वास जायचा. पोरं घोटाळायची, तिनं एकाला तुकडा दिला नाही. वरच्या आळीत एक पोरगी बाळंत झाली, तिच्या सासूनं निरोप धाडला, दिला नाही. पाटलाची म्हातारी आई आजारी पडली, तिला एवढा एक टोस खावासा वाटला, पाटील स्वतः आला. काकीनं त्याला बसायला घोंगडं टाकलं, पाणी पुढं केलं. तो पाण्याकडं बघत राहिला. मग काकीनं पाणी आत नेलं आणि पाटील तसाच गेला.

मला वाटायचं, हे सगळं त्यांच्यासाठी आहे. माझ्यासाठी नाही. मी तिची ठकी. मी तर ओरडले होते सगळ्यांपुढं.

एका दुपारी आजी शेजारी गेली होती, आई निजली होती. मी गाडीवाट ओलांडली. काकीच्या पुढ्यात पान होतं, पानावर शेवटचा तुकडा होता. मी नुसता हात पुढं केला, पूर्वी करायची तसा. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. ताप उतरून बारीक झालेले माझे हात बघितले, नवीन येणारे दात बघितले. तिचा हात पानाकडं गेला. मला वाटलं, देतेय.

तिनं तो तुकडा उचलून स्वतःच्या तोंडात घातला. मी तशीच उभी. चावून झाल्यावर बोलली, आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

"तुजा काय बी दोस न्हाई, पोरी. पन तू तिचीच नात."

मग पान चुरगाळून चुलीत टाकलं, आत गेली आणि आतून कडी लावली. भर दुपारी आमच्या गावात कुणी दार लावत नाही.